पावसाळी कोकणात ईको कॅम्पर: जून ते सप्टेंबरच्या वापरानंतर

गाडी मारुती ईको, पेट्रोल, 1197 सीसी. मागची सीट काढून दोघांच्या झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय केलेली. वापर चार महिने, रेवस-रेडी सागरी मार्गावर मुरूड ते मालवण, मधूनमधून घाटावर जाऊन-येऊन. थंडीत याच रस्त्याला कुठलीही व्हॅन चांगलीच वाटते, म्हणून इथे फक्त पावसाचं बोलू.

पावसाळ्यात कॅम्पर म्हटलं की सगळे छत गळण्याची धास्ती घेतात. गळती परवडली. ती दिसते, सापडते, बुजवता येते. खरा वैताग ओलीचा. जुलैत बाहेरची हवाच इतकी दमट असते की खिडकी उघडून आतलं काही वाळत नाही. टॉवेल तिसऱ्या दिवशीही ओलाच. तरी खिडकी दोन बोटं उघडी ठेवावीच लागते, नाहीतर दोन माणसांच्या श्वासाची वाफ रात्रभर पत्र्यावर बसते आणि पहाटे उशीवर टपकते. गाडी वाळवायचं हुकमी साधन एकच: एसी. मुक्कामी पोचण्याआधीचा अर्धा तास रिसर्क्युलेशनवर (आतलीच हवा फिरवत), पंखा पूर्ण, मागचे पडदे सारलेले. काच बाहेरून धुरकटली तर घाबरू नका, वायपर मारा; थंड काचेवर बाहेरचं बाष्प बसतंय एवढंच.

गादीखालची बुरशी हा याच ओलीचा दुसरा अवतार. अंगाची वाफ फोममधून खाली उतरते आणि थंड प्लायवर अडकते. प्लायला भोकं पाडून फारसा फरक पडत नाही. सलग फळी काढून दोन-दोन इंच फटीच्या पट्ट्या ठोकल्या की पडतो. गादी चार इंची पीयू (पॉलियुरेथेन) फोमची घ्या. कापसाची गादी आठवड्यात जड आणि कुबट होते, काथ्याचीही तीच गत. रोज सकाळी गादी उभी करून ठेवायची, कंटाळा आला तरी.

लाकूडकामात पैसे वाचवू नका. आयएस 710 (पाण्यात टिकणाऱ्या प्लायचं भारतीय मानक) मरीन प्लाय चार महिन्यांत फुगला नाही. सनमायका लावलेल्या पार्टिकल बोर्डाच्या खणाची कड मात्र महिन्याभरात पोह्यासारखी फुगली, स्क्रू हाताने बाहेर आले. मरीन प्लाय जड असतो: 12 मिमीची आठ बाय चारची शीट साधारण 25-27 किलो. अशा तीन शीट लागल्या तर गाडीत एक माणूस जास्तीचा बसल्यासारखं आहे, तेव्हा खण कमी करा. पत्र्याच्या आत थर्माकोल किंवा ग्लासवूल नको; पाणी धरून ठेवतात आणि मागून पत्रा गंजतो. 10 मिमीचा बंद पेशींचा नायट्राइल रबर फोम पत्र्याला घट्ट चिकटवा, मध्ये हवा राहू देऊ नका. आणि पुढच्या सीटच्या आसपास काही बांधू नका. इंजिन त्या सीटखाली आहे, ऑइल बघायलाही सीट उचलावी लागते.

छताच्या पंख्याच्या भोकाला आधी ब्यूटाइल टेप, वरून पीयू सीलंट. सिलिकॉन रंगावर टिकत नाही, कड सुटते आणि पुढे त्यावर दुसरं काही चिकटतही नाही. आमच्या गाडीत पाणी आलं ते मात्र छतातून नव्हे, सरकत्या दाराच्या खालच्या खाचेतून. लाल माती आणि सुरूच्या काड्या बसून निचऱ्याची भोकं बुजतात, खाच भरते, पाणी आतल्या बाजूला उतरतं. सायकलचा जुना स्पोक गाडीत ठेवा, दर दोन दिवसांनी भोकात फिरवा.

विजेचं गणित आधी कागदावर करा. 12.8 व्होल्ट, 100 अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी म्हणजे 1280 वॉट-अवर. 45 लिटरचा कॉम्प्रेसर फ्रिज दिवसाला 400 वॉट-अवरच्या आसपास खातो, पंखा रात्रभर 200, दिवे आणि मोबाइल 100. झाले 700. छतावरचं 200 वॉटचं पॅनल मे महिन्यात हे सहज भरून काढतं. जुलैत 250 मिळाले तर नशीब, झड लागलेल्या दिवशी शंभरसुद्धा नाही. म्हणजे रोज 450 ते 600ची तूट. ती डीसी-डीसी चार्जरने भरायची, म्हणजे गाडी चालू असताना आल्टरनेटरच्या (इंजिनावर फिरणाऱ्या वीजजनित्राच्या) विजेवर. 20 अँपिअरचा चार्जर ताशी साधारण 250 वॉट-अवर देतो. दोन-सव्वादोन तास गाडी चालली की हिशोब जुळतो. 30चा बसवण्याचा मोह टाळा. पावसात हेडलाइट, वायपर, ब्लोअर सतत चालू, आल्टरनेटरकडे तेवढं शिल्लक राहत नाही. एका जागी दोन दिवस अडकलात तर तिसऱ्या दिवशी फ्रिज बंद करावा लागेल हे धरूनच भाजी घ्या. तसाही 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, फ्रिजमध्ये ठेवायला ताजं असतं काय? सुकट आणि बोंबील बाहेर राहतात (वास सहन होत असेल तर).

वायरिंगला टिनचा मुलामा दिलेले लग (तारेच्या टोकाला दाबायच्या टोप्या) आणि त्यावर हीट-श्रिंक (तापवल्यावर आवळून बसणारी नळी). उघड्या तांब्यावर खाऱ्या हवेने हिरवट थर चढतो, जोड तापतो, आणि फ्यूज शाबूत असताना फ्रिज कमी व्होल्टेज दाखवून बंद पडतो. दोष कॉम्प्रेसरचा समजून लोक तो खोलत बसतात.

या गाडीचं सगळ्यात मोठं सुख म्हणजे वर उघडणारी डिकी. पण ती वाऱ्याच्या आडोशाला आली तरच. पावसाचा वारा पश्चिम-नैऋत्येचा, म्हणून गाडीचं तोंड समुद्राकडे करून लावा. सरी काचेवर आपटतात आणि डिकीखाली कोरडा चौकोन राहतो, तिथे शेगडी मांडता येते. गाडी उलटी लावली तर पहिल्याच सरीत शेगडी विझते आणि गादी भिजते. डिकीला ताडपत्री जोडायची तर एक कोपरा वीतभर खाली ओढा, नाहीतर मध्ये पाण्याचा फुगा धरतो आणि डोक्यावर रिता होतो. दारं बंद करून आत गॅस पेटवू नका, पाऊस कितीही असो.

मुक्कामाला जांभ्याचा सडा (खडकाचं उघडं पठार) उत्तम: चाक रुतत नाही, पाणी निथळून जातं. विजा होत असतील तर मात्र सडा सोडा. माडाखाली गाडी नको. नारळ सोडाच, ओली झावळी पडली तरी छताला पोचा येतो. पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, तर चाकही घालू नका. ओढ मागच्या चाकांवर, मागे वजन कमी, दोन फिरक्यांत गाडी रुतते आणि भरती थांबत नाही.

भरतीचा हिशोब कोळ्यांचाच वापरा: तिथीची पाऊणपट. अष्टमीला सहाच्या सुमारास पूर्ण भरती, साधारण सहा तासांनी ओहोटी. फेरीबोटीसाठी हे लागतंच. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळला उधाणाच्या ओहोटीत उतार फार तिरका होतो, त्यावर शेवाळ, आणि मागची चाकं फिरतात. पाण्याची 40 लिटरची टाकी मागच्या आसावर बसवल्याने पकड चांगली सुधारली. दर्या खवळला की फेरी बंद. दाभोळला तसं झालं तर दापोली-खेड-चिपळूण-गुहागर असा शंभरहून जास्त किलोमीटरचा वळसा आहे, टाकी अर्धी असताना धक्क्यावर जाऊ नये.

पाणी वाहत असलेल्या फरशीवर (ओढ्यावरच्या बुटक्या पुलावर) 160 मिमी ग्राउंड क्लिअरन्सची गाडी घालायची नाही, एवढं पुरे. टायरची नक्षी 3 मिमीवर आली की बदला, कायद्याचे 1.6 ओल्या घाटात उपयोगाचे नाहीत. रात्री हँडब्रेक न ओढता पहिला गिअर आणि चाकाला दगड, कारण खाऱ्या ओलीत मागचे ड्रम चिकटतात. चिकटलेच तर पुढे-मागे हलका झटका द्या, रेटून पळवू नका.

फर्निचर सीटच्या मूळ बोल्टांवरच बसवलंय, पत्रा कापलाय तो फक्त पंख्यापुरता. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्याबद्दल आहे, तेव्हा करवत चालवण्याआधी आरटीओ आणि विमा दोन्हीकडे विचारा.

सप्टेंबरअखेर गाडी वर चढवून खालून गोड्या पाण्याने धुतली. गंज तीन जागी निघाला: सरकत्या दाराच्या रुळाखाली, सायलेन्सरच्या पट्टीवर आणि पंख्याच्या चौकटीच्या एका स्क्रूभोवती. तो एकच स्क्रू स्टेनलेसचा नव्हता.