सेवापुस्तकं स्कॅन करून घेतली: स्कॅनिंगला साडेचार तारे, टायपिंगला दीड

दुकानाचं नाव देत नाही. मिरजेत मार्केटमागच्या एका बोळात आहे, खाली झेरॉक्स आणि वर माळ्यावर स्कॅनिंग. मालक माणूस सज्जन आहे. खाली जे लिहिलंय ते सगळं मी त्याला तोंडावर सांगून झालंय.

मी एस.पी. ऑफिसला आस्थापना शाखेत हेडक्लार्क होतो, तिथूनच रिटायर झालो. पुतणी पुण्यात पीएचडी करते. पोलीस शिपायाची नोकरी कागदावर कशी दिसते, हा तिचा विषय. बदल्या किती झाल्या, रजा किती भोगली, हवालदार व्हायला किती वर्षं लागली, हे सगळं तिला मोजायचंय. त्यासाठी सेवापुस्तकं, म्हणजे माणसाच्या नोकरीतल्या सगळ्या नोंदींची सरकारी वही, हवीत आणि ती ऑफिसातून मिळण्याची आशा नव्हती. २०१२ साली गिरीश देशपांडे प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलंय की कर्मचाऱ्याला दिलेले मेमो, झालेल्या शिक्षा ही त्याची वैयक्तिक माहिती. मोठं जनहित दाखवल्याशिवाय माहिती अधिकारात ती मिळत नाही. मग मीच तिला म्हटलं, रिटायर झालेल्यांच्या घरी दुय्यम सेवापुस्तक, म्हणजे त्याची दुसरी प्रत, असतं, ट्रंकेत, जुन्या पासबुकांच्या खाली. ज्याचं त्याच्याकडूनच मागू. फोन केले, घरोघरी चहा प्यायलो, संमतीपत्रावर सह्या घेतल्या. ३१ पुस्तकं जमली.

आता स्कॅनिंग. सेवापुस्तक म्हणजे सुटे कागद नव्हेत. शिवण सैल झालेली असते, मध्ये वेतननिश्चितीची विवरणपत्रं डकवलेली असतात, त्यावर पडताळणी पथकाचा शिक्का अर्धा या पानावर आणि अर्धा त्या पानावर. आधी दोन ठिकाणी गेलो तर दोघांनीही सांगितलं, शिवण उसवावी लागेल. लोकांनी विश्वासाने दिलेली पुस्तकं, उसवतो कसली! या दुकानात मात्र वरून फोटो घेणारा स्कॅनर आहे. पुस्तक पूर्ण उघडायचं नाही, लाकडी घोडीवर अर्धवट उघडून ठेवायचं. माळ्यावरचा पोरगा हात धुऊन बसतो. डकवलेली प्रत्येक चिठ्ठी उलगडून त्याने दोनदा फोटो घेतला, एक चिठ्ठीचा आणि एक तिच्याखाली दडलेल्या मजकुराचा. हे त्याला मी सांगितलं नव्हतं. पहिल्या पानावरची ओळखचिन्हं, अंगठ्यांचे ठसे, फिकट जांभळी शाई, सगळं स्वच्छ वाचता येतं. पानाला ४ रुपये घेतले. मला महाग वाटले नाहीत.

टायपिंगचे, म्हणजे त्या नोंदी एक्सेलमध्ये भरण्याचे, पानाला १५, आणि इथे सगळी गंमत आहे.

एक्सेल हातात आलं तेव्हा ३१ पुस्तकांची ३४ माणसं झाली होती. दोन महिला शिपाई होत्या. पहिल्या पानावर माहेरचं नाव आणि आत लग्नानंतरचा नाव बदलाचा आदेश. प्रत्येकीच्या दोन बायका झाल्या. तिसरा एक जण जिल्हा बदलून आलेला, त्याचा बक्कल नंबर, म्हणजे शिपायाचा ओळख क्रमांक, बदलला होता, म्हणून तोही दुसरा माणूस. 'पोलीस नाईक' हा हुद्दा तर बऱ्याच ठिकाणी आडनावाच्या रकान्यात गेला. पोराचाही दोष काढवत नाही. नाईक हे पदच सरकारने २०२२ मध्ये रद्द केलं, आता शिपायावरून थेट हवालदार. त्याच्या ओळखीत नाईक म्हणजे समोरचा मेडिकलवाला.

समासात आम्ही क्लार्क लोक 'नि.' लिहायचो. ते निलंबित, नियुक्त की निवृत्त, हे मागचीपुढची नोंद बघून कळतं. दुकानात सगळे 'नि.' निवृत्त झाले. एक शिपाई ३३ व्या वर्षी निवृत्त होऊन सात महिन्यांनी परत हजर झालेला दिसतो.

पण सगळ्यात जास्त जीव कळवळला तो रजेच्या खात्यावर. अर्जित रजा जानेवारीत १५ आणि जुलैत १५ दिवस जमा होते आणि शिल्लक ३०० च्या वर साठत नाही. एका हवालदाराच्या खात्यात सलग आठ वर्षं '३००+१५', पुढच्या सहामाहीत पुन्हा '३००+१५'. म्हणजे गडी रजेवर गेलाच नाही. गणपती, निवडणूक, मोर्चा, कोणाचा तरी दौरा, बंदोबस्त चालूच. रजा जमा व्हायची आणि वरची बुडून जायची. पुतणीला नेमकं हेच हवं होतं. दुकानातल्या पोराला एकसारख्या ओळी दिसल्या, त्याने डुप्लिकेट समजून पंधरा ओळी उडवल्या आणि एक ठेवली. विचारलं तर म्हणाला, "काका, तेच तेच होतं, फाईल साफ करून दिली." यावर काय बोलणार? माणसाची आठ वर्षं साफ झाली.

नोकरी संपल्याचं कारण लिहायला त्यांनी तीनच पर्याय ठेवले होते: निवृत्त, मयत, काढले. बडतर्फी आणि सेवेतून काढून टाकणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बडतर्फ झालेल्याला पुढची सरकारी नोकरी बंद. काढून टाकलेल्याला नियमाने वाट मोकळी राहते. हे मी मालकाला सांगत होतो तर पुतणीच मला म्हणाली, "काका, पण आपल्या ३१ मध्ये तसं कोणी आहे का?" नव्हतं. बडतर्फ झालेला माणूस कशाला पुस्तक आणून देईल! तिच्या मते आमच्या साऱ्या खटाटोपातला मोठा खड्डा तोच, धडपणे शेवटापर्यंत पोचलेलेच हाती लागतात. तिने अमेरिकेतल्या फ्लोरिडाचा एक अभ्यास दाखवला, बेन ग्रुनवाल्ड आणि जॉन रॅपापोर्ट यांचा, २०२० चा. तिथे कोण कुठल्या खात्यात कधी लागला आणि का सुटला, याची नोंद राज्याकडे एका जागी असते. ३० वर्षांतले ९८,००० पोलीस आणि सुमारे ५०० खाती त्यांनी तपासली. एका खात्यातून हाकललेले पण दुसऱ्या खात्यात लागलेले असे कोणत्याही वर्षी सरासरी १,१०० च्या आसपास निघाले, म्हणजे त्या वर्षी राज्यात नोकरीत असलेल्या पोलिसांच्या साधारण ३ टक्के, आणि ते पुन्हा हाकलले जाण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त. आम्ही मात्र चहा पिऊन ३१ पुस्तकं गोळा केलेली.

एक तक्रार मात्र गंभीर आहे. दुसऱ्या दिवशी पोराने विचारलं, "पीडीएफ व्हॉट्सॲपवर टाकू का?" अहो, त्यात जात आहे, वारसांची नावं आहेत, शिक्षा आहेत! समोर बसून त्यांच्या कॉम्प्युटरवरचं फोल्डर उडवायला लावलं, रिसायकल बिनसुद्धा. मालकाने कुरकुर न करता केलं, पण मी बसलो नसतो तर ते तिथेच पडून राहिलं असतं.

टायपिंगचे पैसे त्याने निम्मे परत केले, मागावे लागले नाहीत. उरलेलं आता मीच संध्याकाळी करतो, दिवसाला दोन पुस्तकं होतात. नातवाने रकाने पाडून दिलेत.

स्कॅनिंगला जाणार असाल तर सकाळी जा, दुपारी दीड ते चार दुकान बंद असतं. पेनड्राईव्ह आपला न्या. जिना अरुंद आहे, पुस्तकांचं गाठोडं दोन खेपांत न्या, मी एका खेपेत नेऊन गुडघा धरून बसलो.