खोक्यावर समुद्रकिनारा, वॉरंटीत खारी हवा वर्ज्य : घरगाडीतील राऊटरच्या आठ महिन्यांच्या वापरानंतर

मार्च महिन्याच्या २० तारखेला, म्हणजे जीएसटीचे ३बी विवरणपत्र भरण्याच्या शेवटच्या दिवशी, देवगडजवळ कुणकेश्वरला आमच्या गाडीतील फोर-जी राऊटरने, म्हणजे सिमकार्डावरून गाडीत वाय-फाय पुरवणाऱ्या यंत्राने, मान टाकली. ज्यांची विवरणपत्रे मी भरते त्या अकरा ग्राहकांपैकी सात जणांची विवरणपत्रे भरून झाली होती, चौघांची राहिली होती, आणि विलंब शुल्क प्रत्येकी दिवसाला ५० रुपये असल्यामुळे माझ्या डोळ्यांसमोर समुद्र नव्हे, दोनशे रुपये दिसत होते. शेवटी यजमानांनी गाडी वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, नेली, मी फोनच्या हॉटस्पॉटवर उरलेले काम रात्री पावणेबाराच्या सुमारास संपवले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हा अनुभव लिहायचा असे ठरवले. त्या सकाळी लिहिला असता तर तो निव्वळ शिव्याशाप झाला असता. नंतर माझे मत दोनदा बदलले, म्हणून तो आज लिहीत आहे.

जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये झोपण्याची व स्वयंपाकाची सोय करून आम्ही दोघे ऑक्टोबरपासून अलिबाग ते शिरोडा असे किनाऱ्याने फिरत आहोत. राऊटर ६,८०० रुपयांचा, छतावरचा अँटेना २,४०० रुपयांचा. तांत्रिक तपशील सगळीकडे उपलब्ध आहेत, ते येथे देत नाही. एवढेच सांगते की गाडीचा पत्रा सिग्नल अडवतो, त्यामुळे अँटेना छतावरच हवा. आणि बाजारात जे ‘सिग्नल बूस्टर’ स्वस्तात मिळतात ते दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय वापरणे बेकायदा आहे, कारण ते टॉवरच्या लहरी पुन्हा प्रक्षेपित करतात आणि आसपासच्या सर्वांचे जाळे बिघडवतात. छतावरचा साधा अँटेना असे काही करीत नाही, तो फक्त राऊटरचे कान उंचावर नेतो.

पहिले दोन महिने मी या यंत्राची स्तुती करीत होते. मुरूडपासून आगरदांड्यापर्यंत आणि तेथून फेरीबोटीने दिघीला उतरेपर्यंत एकदाही जोडणी तुटली नाही. वेसवीच्या धक्क्यावर पोहोचल्यावरही सगळे ठीक होते. खरी परीक्षा दापोली तालुक्यात झाली. कोकणात टॉवर असतात सड्यावर आणि माणसे राहतात खाली, माडापोफळींच्या वाडीत. आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीपाशी उणे ८५ डीबीएम (हे सिग्नलच्या ताकदीचे माप; आकडा शून्यापासून जितका दूर, तितका सिग्नल क्षीण) दाखवणारा राऊटर खाली किनाऱ्यालगत उणे ११३ वर आला. दर तीन डेसिबलला सिग्नलची शक्ती निम्मी होते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या दोन आकड्यांमधील दरी समजेल.

येथे या राऊटरने मला पहिला सुखद धक्का दिला. त्याच्या सेटिंगमध्ये आत कुठेतरी, माहितीपुस्तिकेत एका शब्दाचाही उल्लेख नसलेले, ‘बँड’, म्हणजे कोणत्या लहरींवर टॉवरशी बोलायचे तो पट्टा, निवडण्याचे पान आहे. राऊटर आपण होऊन २३०० मेगाहर्ट्झचा बँड ४० धरून बसतो, कारण तेथे वेग अधिक मिळतो; पण या आखूड लहरी टेकाडाआड किंवा दाट झाडीत टिकत नाहीत आणि पाने ओली असली तर आणखीच मार खातात. मी त्याला ८५० मेगाहर्ट्झच्या बँड ५ वर बांधून ठेवले. वेग उतरला, पण जोडणी स्थिर झाली आणि विवरणपत्रे भरायला तेवढी पुरते. ज्यांना रात्री चित्रपट पाहायचे असतील त्यांनी गाडी सड्यावर उभी करावी.

खर्चाचेही सांगायला हवे. दूरसंचार नियामक ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये मोबाईल कंपन्यांना केवळ कॉल आणि एसएमएसचे पॅक देणे बंधनकारक केले. गाडीत राऊटर असताना दुसऱ्या फोनला डेटा कशाला, असा हिशेब करून मी यजमानांचा फोन अशा पॅकवर टाकला. गाडीत तो वाय-फाय कॉलिंगवर चालतो आणि उत्तम चालतो. पण हर्णै बंदरावर संध्याकाळच्या लिलावात सुरमई हातात घेऊन ते उभे राहिले, कोळीण पैशांसाठी थांबलेली, यूपीआय चालेना, आणि गाडी पाऊण किलोमीटर दूर. फोन आला, “अगं, रोख काही आणतेस का? मागे रांग लागली आहे.” तेव्हापासून त्यांच्या खिशात पाचशेच्या दोन नोटा असतात. पॅक मी बदललेला नाही.

आता मूळ तक्रारीकडे येते. २१ मार्चला देवगडच्या बाजारपेठेत मोबाईल दुरुस्तीच्या एका दुकानात राऊटर नेला. दुकानदाराने तो उघडलाही नाही. अँटेनाच्या केबलचे टोक फिरवून सोडवले आणि माझ्यासमोर धरले. सोनेरी आटे जेथे असायला हवे होते तेथे हिरवट पांढरी बुरशीसारखी पूड होती आणि मधली टाचणीएवढी पिन काळी पडली होती. “वयनी, यंत्राक काय एक झालेला नाय,” तो म्हणाला, “ह्या टोक मिठान खाल्ल्यान.” जुन्या टूथब्रशला स्पिरिट लावून त्याने दोन्ही टोके घासली, सुकवली, पुन्हा आवळली आणि त्यांवर रबराची टेप गुंडाळली. उणे ११८ वरून आकडा उणे १०१ वर आला. त्याने ८० रुपये घेतले.

म्हणजे ६,८०० रुपयांचे यंत्र निर्दोष होते आणि चाळीस-पन्नास रुपयांच्या टोकामुळे ते निकामी ठरत होते. माझा सारा राग आता त्या टोकावर आहे, आणि तो अवाजवी आहे असे कोणी म्हटले तरी मला मान्य नाही. छतावर, खाऱ्या वाऱ्यात बसवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या वस्तूच्या टोकाला रबरी टोपणसुद्धा नसावे?

हाच प्रश्न मी कंपनीच्या सेवा केंद्राला विचारला. वॉरंटीची मुदत बाकी असल्याने अँटेना बदलून मिळावा, एवढीच माझी मागणी होती. चार फोन आणि तीन ई-मेलनंतर उत्तर आले की क्षारयुक्त हवेमुळे झालेली झीज वॉरंटीत येत नाही. अँटेनाच्या खोक्यावर मात्र एक पांढरी गाडी ऐन वाळूत, लाटांपासून हातभर अंतरावर उभी दाखवली आहे. मी त्या चित्राचा फोटो पाठवल्यावर नव्या अँटेनावर पंधरा टक्के सवलत देऊ केली गेली, म्हणजे तीच चूक मी २,०४० रुपयांना पुन्हा विकत घ्यावी. मी नाही म्हटले.

दुसऱ्यांदा माझे मत बदलले ते मालवणला, आणि तेही अँटेनाबद्दलच. सोबत आलेली केबल पाच मीटर लांब व शाईच्या रिफिलीइतकी बारीक. राऊटर पलंगाखाली असल्याने उरलेली केबल आम्ही वेटोळे करून तेथेच ठेवली होती. अशा बारीक केबलमध्ये दर मीटरला सिग्नल गळत जातो आणि पाच मीटरमध्ये निम्म्याहून अधिक वाटेतच संपतो. सीसीटीव्ही बसवणाऱ्या एका मुलाकडून मी ती दीड मीटरवर कापून नवे टोक दाबून घेतले आणि राऊटर छतालगतच्या कपाटात हलवला. त्याच जागी, त्याच टॉवरवर सहा डेसिबलची सुधारणा झाली. टोकासकट खर्च २१० रुपये. हे पहिल्याच दिवशी केले असते तर आंजर्ल्याला एवढी धावपळ झाली नसती, आणि याचा दोष मी कंपनीला देऊ शकत नाही, जरी मला ते आवडले असते.

एक मर्यादा मात्र कोणत्याही केबलने सुटत नाही. मे महिन्याच्या अखेरीस वळिवाने वीज गेली की काही तासांत टॉवरची बॅटरीही संपते आणि मग छतावर काहीही बसवलेले असो, शून्य. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ किनाऱ्यावर आदळल्यानंतर रायगड आणि रत्नागिरीतील कितीतरी गावे अनेक दिवस वीज आणि फोनविना होती. म्हणून महत्त्वाचे विवरणपत्र आता मी १८ तारखेलाच भरते.

राऊटर घ्यावा, हा अँटेना घेऊ नये. घेतलाच तर केबल कापून घ्यावी आणि टोकाला पहिल्याच दिवशी टेप गुंडाळावी. दर पंधरवड्याला टेप सोडवून ते टोक पाहण्याचे काम यजमानांकडे आहे. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मी तक्रार नोंदवली असून तिचा निकाल लागायचा आहे. वाळूतल्या गाडीचे ते खोके दोन माणसांच्या या गाडीत बरीच जागा अडवते, पण ते टाकून द्यायला मी तयार नाही.