‘जमिनीतून चोवीस तास वीज’ : पैसे भरण्याआधी हे वाचा

दहा फूट खोल पुरलेला पाइप, वर ॲल्युमिनियमचे हीटसिंक (हवेतली उष्णता ओढून घेणाऱ्या पट्ट्या), मधे पेल्टियर प्लेट्स (एक बाजू गरम, दुसरी गार असली की थोडी वीज देणाऱ्या चपट्या चकत्या) आणि एक सीलबंद डबा. जमीन गार, हवा गरम, या फरकावर एक किलोवॉट मिळेल, असं सांगून आमच्या भागात एकाने हे किट बऱ्याच घरांच्या गळ्यात मारलं. निम्मे पैसे आगाऊ, पावती कच्ची.

वीज तयार होते, म्हणूनच माणसं फसतात. टीईसी१-१२७०६ जातीची एक प्लेट दोन बाजूंच्या फरकातल्या दर अंशाला साधारण ०.०५ व्होल्ट देते. हवा आणि जमिनीत १० अंशांचा फरक असला तरी बराचसा पाइपात आणि हीटसिंकमध्येच जातो. प्लेटच्या दोन बाजूंत ५ अंश मिळाले तरी खूप झालं. ४० प्लेट्स सिरीजमध्ये जोडल्या की मीटरवर १० व्होल्ट दिसतात आणि गिऱ्हाईक खूश! पण प्रत्येक प्लेटचा आतला रोध सुमारे २ ओहम, म्हणजे एकूण ८०. बल्बसारखा लोड लावताच व्होल्टेज निम्म्यावर येतं, करंट ६० मिलिअँपिअरच्या आसपास. हाती येतात जेमतेम ०.३ वॉट.

मग विक्रेत्याने दाखवलेला बल्ब पेटला कशावर? डबा उघडल्यावर आत यूपीएसची १२ व्होल्ट ७ एएच (अँपिअर-तास) बॅटरी निघाली. ९ वॉटचा एलईडी तिच्यावर सात-आठ तास आरामात चालतो.

शिवाय उन्हाळ्यातही पहाटेपर्यंत हवा जमिनीइतकी गार होते आणि वीज थांबते. थंडीत रात्री फरक उलटतो, प्लस-मायनसही उलटतात. पाइपाभोवतीची माती उष्णता लवकर पुढे सोडत नाही, तीच तापून बसते. १० अंशांच्या फरकात कुठल्याही यंत्राची कमाल कार्यक्षमता ३.३ टक्के, या प्लेट्सना त्याचा दहावा हिस्सा धरला, तर एक किलोवॉटसाठी ३०० किलोवॉट उष्णता सतत जमिनीत सोडावी लागेल. एका पाइपाचं ते कामच नाही.

विक्रेत्यासमोरच बॅटरी काढायला लावा, प्लेट्सच्या तारांवर थेट १२ व्होल्टचा ५ वॉटचा डीसी बल्ब लावा. तो ‘सील तुटलं तर वॉरंटी जाईल’ म्हणाला, तर व्यवहार तिथेच थांबवा. विक्रेता दाखवतो ते पंतप्रधान सूर्यघर योजनेच्या सबसिडीचं आमिषही खोटं. ती फक्त छतावरच्या सोलरला मिळते.

पैसे गेलेच असतील तर पावती, व्हॉट्सॲपवरचे मेसेज आणि डब्याचे आतले फोटो जपून ठेवा. ऑनलाइन पैसे भरले असल्यास लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, १९३० वर, आणि ग्राहक तक्रारीसाठी १९१५ वर फोन करा.