द्राक्षबागेतला लोरा सेन्सर संच : यंत्रं चांगली, सेवा उशिरा रुळावर

दिंडोरी तालुक्यात माझी द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीच्या वेळी एका कंपनीकडून लोरा रेडिओवर (कमी बॅटरीत छोटे संदेश लांबवर पाठवणारा रेडिओ) चालणारे सेन्सर बसवून घेतले. कंपनीचं नाव लिहीत नाही. असा संच घेणाऱ्यांना तपासता यावं, म्हणून काय बिघडलं आणि काय सुधारलं तेवढं सांगतो.

पान ओलं आहे का हे कळणारा सेन्सर, हवेचं तापमान, आर्द्रता आणि मातीतला ओलावा असा हा संच आहे. प्रत्येक नोड, म्हणजे सेन्सर आणि रेडिओ असलेली बागेतली पेटी, बॅटरीवर चालतो. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा बिनपरवाना वापरता येतो, त्यामुळे नोडला सिमकार्ड लागत नाही. रिचार्ज फक्त गेटवेचा, म्हणजे सगळ्या नोडचे आकडे गोळा करून इंटरनेटवर पाठवणाऱ्या यंत्राचा. सेन्सरबद्दल माझी तक्रार नाही. मातीचा आकडा हातात ढेकूळ दाबून पाहिलं की पटतो.

तक्रार होती ती गळतीची, म्हणजे वाटेत हरवणाऱ्या आकड्यांची. छाटणीनंतर वेली उघड्या होत्या तोवर सगळं नीट पोचत होतं. मांडव पानांनी भरला आणि ओढ्याकडच्या प्लॉटमधले आकडे गायब व्हायला लागले. पानांत पाणी, पानांवर दव. रेडिओलहरी त्यातच जिरतात. आणि नेमका हाच काळ डाऊनी (केवडा) रोगाचा. पान रात्री किती तास ओलं राहिलं यावर सकाळची फवारणी ठरते. सगळ्यात वाईट म्हणजे ॲप गळालेल्या वेळेवरून सरळ रेष ओढून दोन टोकं जोडत होतं. मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत एकही आकडा आलेला नसताना आलेख मात्र अखंड दिसायचा. शेतकऱ्याने त्यावर भरवसा ठेवून फवारणी टाळली, तर घडच जातील. असं ॲप कुणी देऊच नये.

पाठपुरावा केल्यावर कंपनीने एक जाणता पोरगा पाठवला. त्याने आधी गेटवेच बघितला. तो विहिरीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये, अँटेना पत्र्याखाली, आणि वीज शेतीच्या लाइनवरची. लाइन गेली की गेटवे बंद. तो पाण्याच्या टाकीवर चढवला, अँटेना मोकळ्यावर आली, सोलर पॅनल आणि बॅटरी जोडली. निम्मं दुखणं तिथेच गेलं.

उरलेलं सेटिंगमध्ये होतं. ‘काका, तुमचा प्रत्येक नोड पोच मागतोय,’ तो म्हणाला. गेटवे पोच द्यायला बोलतो तेव्हा त्याला ऐकू येत नाही. तेवढ्यात आलेला दुसऱ्या नोडचा आकडा वाया. पोच मागणं बंद केलं, त्याऐवजी प्रत्येक संदेशात आधीचे दोन आकडेही जोडले. एक संदेश हुकला तरी पुढचा भरून काढतो. सगळे नोड घड्याळाच्या एकाच ठोक्याला बोलत होते, त्यांच्या वेळा मागेपुढे केल्या. ओढ्याकडचा नोड स्प्रेडिंग फॅक्टर १२ वर अडकला होता. हा आकडा जितका मोठा, तितका संदेश लांब पोचतो, पण सावकाश जातो. ७ वर जो छोटा संदेश ६० मिलिसेकंदांच्या आसपास जातो, त्याला १२ वर जवळपास दीड सेकंद लागतो. तेवढा वेळ रेडिओची वाट अडते आणि बॅटरी त्या पटीत खर्च होते. गेटवे उंच गेल्यावर तो नोड आपोआप ९ वर उतरला.

मी एक गोष्ट हट्टाने करून घेतली. प्रत्येक संदेशाला अनुक्रमांक असतोच. मधले किती नंबर आले नाहीत हे ॲपमध्ये दिसलं पाहिजे. आता प्रत्येक नोडपुढे रोजची गळती दिसते, आणि आकडा नसेल तिथे आलेखात रिकामी जागा राहते. कंपनीने हे नाइलाजाने केलं, पण केलं. खरं तर पहिल्या दिवसापासून द्यायला हवं होतं.

बसवणीला ३ गुण, आताच्या सेवेला ४. पाचवा राखून ठेवलाय, कारण गेटवे बंद पडल्याचा फोन अजूनही मलाच करावा लागतो. गेटवे अर्धा तास गप्प राहिला तर कंपनीकडून मेसेज यायला हवा. आणि नवीन घेणाऱ्यांनी चाचणी उघड्या बागेत उरकू देऊ नये. मांडव भरल्यावर पुन्हा येऊन तपासणी करण्याचं करारात लिहून घ्यावं आणि शेवटचा हप्ता तोवर थांबवावा.