अमेरिकी शिक्षण खात्याची नागरी हक्क तक्रार सेवा: फुकट, पण मुदत सांभाळा

शाळा-कॉलेजात वंश, लिंग किंवा अपंगत्वावरून भेदभाव झाला, तर अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाकडे तक्रार करता येते. फी नाही, वकील लागत नाही. पीडितानेच अर्ज करावा असंही नाही. ऑनलाइन फॉर्म तसा सोपा. खरी मेख मुदतीत आहे: भेदभावाच्या शेवटच्या घटनेपासून 180 दिवस. आधी शाळेच्या अंतर्गत यंत्रणेकडे दाद मागितली असेल, तर ती प्रक्रिया संपल्यावर 60 दिवसांत इकडे यायचं. ‘मुलावर अन्याय झाला’ असं मोघम लिहू नका. तारीख, कोण काय म्हणालं, इतर मुलांना कशी वागणूक मिळाली, हे लिहा. संस्था केंद्राचा निधी घेते का, तेही पाहा. 1964चा टायटल सिक्स (वंशभेदाविरुद्ध), 1972चा टायटल नाइन (लिंगभेदाविरुद्ध) आणि 1973चं कलम 504 (अपंगत्वावरून भेदभावाविरुद्ध) हे कायदे त्या निधीलाच बांधलेले आहेत.

नुकसानभरपाईसाठी मात्र हा दरवाजा नव्हे. त्यासाठी कोर्ट, टायटल नाइनखाली ती वाट सुप्रीम कोर्टाने 1992च्या फ्रँकलिन खटल्यात मोकळी केली. सेवेची दुबळी बाजू म्हणजे वेग. 2025मध्ये 12पैकी 7 प्रादेशिक कार्यालयांना टाळं लावायचं ठरल्यावर तो वाढेल, ही आशा भाबडीच.