गुलाबाला हात लावायचा तर असा: द्राक्षबागेतल्या कारागिरांकडून छाटणी

नाशिकच्या गंगापूर रोडला आमच्याकडे छाटणीसाठी येणारे दोघे भाऊ मूळचे पेठ तालुक्यातले. द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी आणि एप्रिलची खरड छाटणी (वेल अगदी बुडख्याशी छाटतात ती) यांच्या मधल्या काळात ते शहरातल्या बागांची कामं घेतात. फेब्रुवारीत थंडी ओसरू लागली तसं त्यांना बोलावलं. दोघांची दिवसाची मजुरी १,६०० रुपये.

गुलाबांची मुख्य छाटणी पावसाळा संपल्यावर झालेली होती, म्हणून आता त्यांनी बेताचंच कापलं. फुलून गेलेले दांडे, शेंड्याकडून काळ्या पडलेल्या काड्या आणि मधोमध एकमेकींना घासणाऱ्या फांद्या, बस. प्रत्येक काप तिरका, बाहेरच्या अंगाच्या डोळ्याच्या पाव इंच वर. कलमाच्या गाठीखालची रानफूट त्यांनी माती उकरून मुळाशी उपटली, कारण नुसती कापली की ती पुन्हा जोमानं येते. एका झाडावरून दुसऱ्याकडे जाताना कात्री स्पिरिटनं पुसत होते. घरच्या बागेत इतकी काळजी घेणारं मी तरी दुसरं कुणी पाहिलेलं नाही. जाड कापांवर बुरशी लागू नये म्हणून बोर्डो पेस्ट लावली: १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम चुना, १ लिटर पाणी. कालवायला प्लॅस्टिकचीच बादली मागितली, लोखंडी भांडं त्यात चालत नाही.

मोगऱ्याचं पाणी आधीच तोडायला फोनवर सांगून ठेवलं होतं. छाटून, उरलेली पानं ओरबाडून बुडाशी शेणखत दिलं.

पण माझा विश्वास बसला तो आंब्यापाशी. गच्चीवर आलेली फांदी काढा म्हटलं, तर थोरला म्हणाला, "काकू, मोहोर लागलाय, आता नको. आंबे उतरले की बघू." त्या फांदीचे पैसे त्याला सहज मिळाले असते! दिसेल ते सरसकट भादरणाऱ्यांना झाड कळत नाही, याला कळतं.

मेंदीचं कुंपण खाली रुंद, वर निमुळतं ठेवलं, म्हणजे बुडापर्यंत ऊन पोचतं. फाटकाजवळ मात्र रेघ वाकडी झालीय, तिथे संध्याकाळची घाई नडली. कापलेला काटेरी पालाही ते नेत नाहीत, तो आपणच आवरायचा.

एप्रिल लागला की दोघेही द्राक्षबागांत अडकतात. बोलवायचं असेल तर मार्चच्या मध्याआधी सांगून ठेवा आणि मोगरा असेल तर तेही फोनवरच सांगा.