एच.३२३ की एसआयपी : बैठकीच्या खोलीतील व्हिडिओ यंत्रणेसाठी

एच.३२३ आणि एसआयपी हे नेटवर्कवरून व्हिडिओ कॉल जोडण्याचे दोन नियमसंच (प्रोटोकॉल) आहेत. आयटीयूने (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने) १९९६ साली मंजूर केलेल्या एच.३२३ मध्ये कॉल १७२० क्रमांकाच्या टीसीपी पोर्टवर (यंत्राच्या नेटवर्कवरील क्रमांकित दारावर) सुरू होतो, पण पुढची बोलणी आणि चित्र-आवाज यांचे पोर्ट ऐनवेळी ठरत असल्याने फायरवॉल (कोणत्या पोर्टवरून ये-जा होऊ द्यायची हे ठरवणारी यंत्रणा) सांभाळणाऱ्याच्या नाकी नऊ येतात. एसआयपीतही चित्र-आवाजाचे पोर्ट वेगळेच असतात. सिग्नलिंग (कॉल जोडण्या-तोडण्याचे संदेश) मात्र सहसा ५०६० वर, आणि टीएलएस (या संदेशांचे एन्क्रिप्शन, म्हणजे ते कुलूपबंद करणे) असल्यास ५०६१ वर चालते.

खरी मेख सुरक्षेत आहे. एच.३२३ ची यंत्रे एच.२३५ या सुरक्षा-मानकानुसार डिफी-हेलमन पद्धतीने, म्हणजे किल्ली प्रत्यक्ष न पाठवता, आपसांत एन्क्रिप्शनची किल्ली ठरवू शकतात. एसआयपीत मात्र एसआरटीपीची (चित्र-आवाजाच्या एन्क्रिप्शनची) किल्ली बहुधा सिग्नलिंगच्या मजकुरातूनच जाते. म्हणून टीएलएस बंद ठेवून केवळ एन्क्रिप्शन चालू करणे म्हणजे कुलूप लावून किल्ली दारालाच टांगणे होय. ‘शक्य असल्यास एन्क्रिप्शन’ हा पर्याय तर समोरच्या यंत्राला जमले नाही की मुकाट्याने साधा कॉल जोडतो, त्यामुळे गोपनीय बैठकांसाठी ते सक्तीचेच करावे, प्रमाणपत्रांची (समोरच्याची ओळख पटवणाऱ्या डिजिटल दाखल्यांची) पडताळणी चालू ठेवावी आणि (हे हमखास राहून जाते) प्रमाणपत्राची मुदत नीट तपासता यावी म्हणून यंत्राचे घड्याळ एनटीपीशी (नेटवर्कवरून अचूक वेळ देणाऱ्या सेवेशी) जुळवावे.

नव्या जोडणीसाठी एसआयपी आणि टीएलएस हीच जोडी घ्यावी. पलीकडे जुनी यंत्रे असतील तरच एच.३२३ चालू ठेवावे, कारण इंटरनेटवर उघड्या राहिलेल्या १७२० वर अनोळखी कॉल येऊ लागतात.